दिवे घाटातली वारी टिपायची आहे: कॅमेरा कोणता घेऊ आणि उभी कुठे राहू?

टेकडीवाली (१२ मे)

नमस्कार मंडळी. गेली सात-आठ वर्षं मोबाइलवरच फोटो काढतेय. रोज पहाटे वेताळ टेकडीवर फिरायला जाते. तिथले मोर, खाणीतलं पाणी, पावसाळ्यातलं धुकं असं बरंच काही जमलंय. आता कॅमेरा घ्यायचाय आणि त्याला कारणही तसंच आहे. माझी आई यंदा पहिल्यांदाच माऊलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालणार आहे. वय ६८. ती दिवे घाट चढत असताना मला तिचे फोटो काढायचे आहेत.

जवळ ९० हजार आहेत, त्यावर एक रुपया नाही. लेन्स, बॅग, कार्ड सगळं त्यातच बसवायचंय. परवा एका दुकानात जाऊन आले. तिथे पाऊण तास मेगापिक्सेल ऐकून घेतले, पण मला काय टिपायचंय हे कुणीच विचारलं नाही. म्हणून इथे विचारतेय. काय घेऊ? शिकायला महिनाभर पुरेल का? आणि घाटात नेमकी कुठे उभी राहू?

लेन्सकाका (१२ मे)

ताई, फार छान कारणासाठी कॅमेरा घेताय. आधी लेन्स ठरवा, मग ती बसेल अशी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, शोधा. बहुतेक लोक उलटं करतात आणि सगळे पैसे बॉडीत घालवून बसतात.

घाटात तुम्हाला दोन प्रकारचे फोटो हवे असणार. एक जवळचा, आईचा चेहरा, टाळ, डोक्यावरची तुळस. दुसरा लांबचा, वळणावळणाने चढणारी पांढरी रांग. पाऊस आणि गर्दी असताना लेन्स बदलता येत नाही. दहा सेकंद बॉडी उघडी राहिली तरी थेंब आत जातो. त्यामुळे १८-४५ आणि ५५-२१० (हे आकडे मिमीचे, आकडा मोठा तितकं जवळ दिसतं) अशा दोन लेन्सचा संच स्वस्त दिसला तरी तुमच्या कामाचा नाही. १८-१५० सारखी एकच लेन्स घ्या. कॅननची आर१० तिच्याबरोबर मिळते. निकॉनच्या झेड५० ला १८-१४० आहे. दोन्ही क्रॉप सेन्सरचे, म्हणजे लहान सेन्सरचे कॅमेरे आहेत, त्यामुळे कॅननवर १५० ला १.६ ने गुणा: २४० मिमीइतकं जवळ दिसेल. दोन्हींचे आजचे भाव काढा, ऑफरमध्ये बरंच खालीवर होतं.

बॅटरी मात्र दोन घ्या. मिररलेसचा पडदा सतत चालू असतो, त्यामुळे दिवसभराला एक पुरत नाही.

पिक्सेलप्रेमी (१३ मे)

माझं मत वेगळं. थोडं थांबा, पैसे साठवा आणि थेट फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्या. नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा खर्च.

स्नेहल_कोथरूड (१३ मे)

पिक्सेलप्रेमी, पैसे साठेपर्यंत वारी थांबणार आहे का? :) आणि ९० हजारांत फुल फ्रेमची बॉडी कशीबशी आली तरी लेन्सला काय उरणार? वजनाचंही बघा. मी गेल्या वर्षी फुल फ्रेम आणि ७०-२०० एफ २.८ गळ्यात अडकवून हडपसरपासून चालले. लेन्सच दीड किलोच्या आसपास. घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत मान आखडली आणि सगळ्यात चांगला उजेड होता तेव्हा मी मान चोळत बसले होते. चालत जायचं असेल तर हलका कॅमेरा हाच चांगला कॅमेरा.

पिक्सेलप्रेमी (१३ मे)

वजनाचा मुद्दा मान्य. कमी उजेडात फुल फ्रेम पुढेच राहणार, पण वारी दिवसाउजेडी असते हेही खरं.

घाटवाट (१३ मे)

मी सासवडचा. लहानपणापासून ही चढण बघतोय, त्यामुळे कॅमेऱ्याबद्दल नाही, जागेबद्दल सांगतो.

दोन्ही पालख्या पुण्यातून एकाच सकाळी निघतात. हडपसरला वाटा फुटतात, तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरकडे जाते आणि माऊलींची दिवे घाटाकडे. पुणे ते सासवड हा तीसेक किलोमीटरचा टप्पा, सगळ्यात लांबच्या टप्प्यांपैकी एक. त्यात त्या दिवशी बहुधा एकादशी असते, म्हणजे अनेकजण उपाशीपोटी चढत असतात. आईंबरोबर राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर द्या.

आता फोटोचं. वारकरी सकाळपासूनच घाट चढायला लागतात. रथ दुपारनंतर येतो आणि त्याला घाटासाठी जादा बैलजोड्या जुंपतात. सगळे फोटोवाले त्या रथासाठी समोरच्या डोंगरावर जागा धरून बसतात. तुम्हाला आई हवी आहे, रथ नाही. म्हणून आधी हे विचारून ठेवा: आईची दिंडी कितव्या क्रमांकाची आणि रथापुढची की रथामागची? रथापुढे २७ दिंड्या असतात, मागे कितीतरी जास्त. एवढं कळलं नाही तर लाखभर पांढऱ्या टोप्यांत आणि नऊवारींत तुम्ही आईला शोधतच राहाल. फोनच्या भरवशावर राहू नका, त्या गर्दीत रेंज जाते. जागा आधी ठरवा, म्हणजे आईच तुमच्याकडे बघेल.

जागा म्हणाल तर मस्तानी तलाव खाली दिसायला लागतो त्याच्या वरचं एखादं वळण. वळणाच्या आतल्या, डोंगराकडच्या बाजूला उभ्या राहा. दरीच्या कठड्यावर चढू नका. उतारावरचं ओलं गवत साबणासारखं निसटतं. दर वर्षी कुणीतरी घसरताना मी बघतो. एखाद्या रविवारी सकाळी रिकाम्या हाताने घाटात येऊन वळणं बघून जा. पालखीच्या दिवशी वाहतूक बंद असते, त्या दिवशी जागा शोधत फिरता येणार नाही.

टेकडीवाली (१३ मे)

घाटवाट दादा, मनापासून आभार. आईला विचारलं. रथामागची दिंडी आहे. या रविवारीच जाऊन येते.

पेठकर (१४ मे)

एक सर्वसाधारण सल्ला: दुपारी एक ते चार पुण्यातल्या फोटोवाल्यांनीही विश्रांती घ्यावी. ऊन डोक्यावर, चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे.

उजेडकर (१४ मे)

पेठकर, उघड्या रस्त्यावर अगदी बरोबर. पण पेठेतच एक अपवाद आहे. वाड्यांचे चौक. चारी बाजूंनी उंच भिंती असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ तिथे अंधार असतो आणि ऊन खाली उतरतं ते भर दुपारीच. फरशीवर पडून तेच ऊन वर ओसरीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतं. त्याच्याइतका मऊ उजेड मला कुठल्या स्टुडिओत मिळालेला नाही.

जागा कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे आधी बघणं ही माझ्या मते नियोजनातली पहिली गोष्ट. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला, म्हणजे दरवाजा सावलीत आणि मागचं आकाश भगभगीत. लोक डिसेंबरात येतात, दरवाजा काळा येतो आणि कॅमेऱ्याला नावं ठेवतात. तोच दरवाजा मे-जूनमध्ये सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा बघा. सूर्य ईशान्येकडून उगवतो, वायव्येकडे मावळतो आणि तिरकं ऊन दारावरच्या एकेका खिळ्याची सावली पाडतं. सध्या तर पुण्यात शून्य सावलीचे दिवस आहेत, सूर्य बरोबर माथ्यावर. इथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असणार.

भाजे लेण्यांचं उलट. ती पश्चिमेकडे तोंड करून आहेत. पहाटे पाचला उठून जाणारे लोक भेटतात आणि वाईट वाटतं, कारण सकाळी तिथे फक्त सावली. दुपार कलली की चैत्याच्या त्या मोठ्या कमानीतून ऊन आत शिरतं आणि आतल्या बाजूला कललेल्या खांबांवर चढत जातं. बंद व्हायची वेळ तेवढी आधी विचारा. आणि अशा संरक्षित वास्तूंत ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तो घेऊन जाऊन दारात वाद घालू नका.

पेठकर (१४ मे)

चौकाचं पटलं. आमच्या वाड्यात चाळीस वर्षं राहिलो आणि ही गोष्ट लक्षातच आली नव्हती. या रविवारी दुपारी आजींना ओसरीवर बसवतो.

जुनंतेसोनं (१५ मे)

कुणी सेकंडहँडचा विषय काढला नाही म्हणून मी काढतो. निकॉन डी७२०० चांगल्या स्थितीत मिळाला तर त्यावर १८-१४० बसवून पैसे वाचतील. २०१५ चा कॅमेरा आहे पण दोन कार्डांची सोय, पावसाच्या शिंतोड्यांना बऱ्यापैकी दाद न देणारी बॉडी आणि बॉडीतच फोकसची मोटर. त्यामुळे जुन्या डी मालिकेच्या स्वस्त लेन्सही त्यावर आपोआप फोकस होतात. डी५६०० वर त्या होत नाहीत, लोक हे न बघता घेतात आणि मग हाताने फोकस करत बसतात.

घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झालेत ते, बघा. डी७२०० चं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं. लेन्स दोन्ही बाजूंनी उघडून, छिद्र पूर्ण उघडं ठेवून, मागून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. सेन्सरसाठी छिद्र एफ १६ इतकं लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, धूळ असेल तर करडे ठिपके दिसतील.

स्नेहल_कोथरूड (१५ मे)

यात भर. नवा घेतानाही बिल आणि भारतातली वॉरंटी बघूनच घ्या. मी एकदा सात हजार वाचतात म्हणून एका दुकानातून बाहेरून आणलेला माल घेतला. पाच महिन्यांत शटर अडकलं. सर्व्हिस सेंटरने नंबर बघितला आणि हा आमच्याकडचा नाही म्हणून परत दिला. दुकानदाराने फोन उचलणं बंद केलं. दुरुस्तीला वाचवलेल्याच्या दुप्पट गेले. अजून राग येतो.

रोहितपक्षी (१६ मे)

थोडं अवांतर, पण ताई कॅमेरा घेताहेत तर पुढे भिगवणला जाणारच. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर, उजनीचं पाणी उतरायला लागलं की रोहित पक्षी उथळात येतात. जानेवारी ते मार्च उत्तम. तिथे १५० मिमी अपुरी पडेल, किमान ३००, जमलं तर ४०० भाड्याने घ्या. वर्षातून दोनदा लागणाऱ्या लेन्ससाठी लाखभर रुपये अडकवू नका. भाड्याची लेन्स दुकानातच लावून दहा फोटो काढून बघा, मला एकदा धूसर काचेची मिळाली होती आणि ते कळलं नावेत बसल्यावर.

नावेत ट्रायपॉडचा उपयोग नाही, नाव हलते तसा तोही हलतो. एक-दोन किलो तांदळाची घट्ट शिवलेली पिशवी काठावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा आणि जमेल तितकं खाली बसा. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो आला की मागचं पाणी विरघळून जातं. उडतानाचा हवा तर शटरचा वेग १/२००० सेकंद.

एक कळकळीची विनंती. नावाड्याला “थवा उडवा” म्हणू नका. ते पक्षी तिथे खायला आलेले असतात. एका फोटोसाठी पन्नास पक्ष्यांना घासावरून उठवायचं हे मला बघवत नाही. सगळे एका दिशेला तोंड करून चालायला लागले, माना वर झाल्या, की ते आपणहून उडणार असतात. तोपर्यंत थांबा.

लेन्सकाका (१६ मे)

रोहितपक्षी, शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन.

टेकडीवाली (२६ मे)

घेतला! आर१० आणि १८-१५०, भारतीय वॉरंटीसकट. एक जादा बॅटरी आणि कार्ड धरून ९० च्या जेमतेम आत बसलं. डी७२०० हातात घेऊन पाहिला, आवडलाही, पण माझ्या तळहाताला जड वाटला. रविवारी घाटात जाऊन वळणही ठरवलं. आता पावसाची काळजी आहे. आणि पांढऱ्या कपड्यांचे फोटो मोबाइलवर नेहमी एकतर करडे येतात नाहीतर फटफटीत. त्याचं काय करायचं?

मावळमेघ (२६ मे)

पावसासाठी महागडं आवरण लागत नाही. अंघोळीच्या वेळी डोक्याला घालायची प्लास्टिकची इलॅस्टिकवाली टोपी बॉडीवर चढवा, लेन्सचं तोंड बाहेर. लेन्सला हूड लावलंच पाहिजे, समोरच्या काचेवर थेंब पडू न देणं हे त्याचं पावसातलं खरं काम. खिशात दोन जुने सुती रुमाल, एक फक्त काचेसाठी. एसी गाडीतून एकदम बाहेर काढलात तर काचेवर वाफ धरते, म्हणून पोचायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद.

घरी आल्यावर बॅगेत तसाच ठेवायचा नाही. पुसून, पंख्याखाली तासभर ठेवून मग हवाबंद डब्यात, सिलिका जेलबरोबर. निळे खडे गुलाबी झाले की ओल भरली असं समजायचं. कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात, तो तवा मात्र स्वयंपाकाला परत नाही. डब्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के राहावी. चामड्याच्या केसमध्ये अजिबात नको, चामडं ओल धरून ठेवतं. तांदळातही नको, त्याची पूड झूमच्या फटीत जाते.

पिक्सेलप्रेमी (२७ मे)

पांढऱ्या कपड्यांसाठी सोपं आहे, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, पाऊण स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर पांढऱ्याला करडं समजतो.

उजेडकर (२७ मे)

अर्धंच बरोबर. चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरलेली असेल तरच वाढवायचं. समोरच्या डोंगरावरून काढलात तर चौकटीत हिरवा काळोखा घाट जास्त आणि पांढरे ठिपके थोडे, तिथे मीटर काळोख उजळायला जातो आणि टोप्या फटफटीत होतात. तिथे उलट कमी करायचं. आणि आईंच्या चेहऱ्यासाठी तिसरंच. गडद पदराखाली चेहरा सावलीत असतो, तेव्हा चेहऱ्यापुरता बघा, कडेचं थोडं पांढरं जळालं तरी जळू दे. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, म्हणजे नंतर दुरुस्तीला वाव राहतो.

शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नको. हात हलून फोटो पुसट होऊ नये यासाठी २४० मिमीला १/२५० पुरतं, पण माणसं चालत असतात, टाळ हलत असतात. ढगाळ असलं तर आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा.

पिक्सेलप्रेमी (२७ मे)

हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. मी आजपर्यंत सरसकट वाढवत होतो.

घाटवाट (२८ मे)

सराव करायचा असेल तर पर्वतीच्या पायऱ्यांवर सकाळी साडेसहाला जा. वरच्या टप्प्यावर उभं राहून चढत येणाऱ्यांचे फोटो काढा, परवानगी घेऊन. चढताना माणूस मान खाली घालतो, टप्प्यावर आला की वर बघतो. घाटातही तेच होतं. तो क्षण कधी येतो हे डोळ्याला कळायला आठ-दहा दिवस लागतात.

गरुडदृष्टी (२ जून)

ड्रोन उडवला तर? माझ्याकडे २५० ग्रॅमच्या आतला आहे, त्याला परवाना लागत नाही म्हणतात.

मावळमेघ (२ जून)

हलका असला तरी रेड झोनमध्ये, म्हणजे उड्डाणबंदीच्या भागात, परवानगीशिवाय कुठलाच ड्रोन चालत नाही. पुण्यात लोहगावला हवाई दल, खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), त्यामुळे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा बघितल्याशिवाय शहरात कुठेच उडवू नका. आणि नियम बाजूला ठेवले तरी लाखो माणसांच्या आणि बैलांच्या डोक्यावर ती घरघर नको. बैल बुजला तर काय होईल?

गरुडदृष्टी (२ जून)

बैलांचा विचारच केला नव्हता. नाही नेणार.

टेकडीवाली (वारीनंतर)

मंडळी, परवा घाट झाला. पहाटे घरातून निघाले, बस मिळाली तिथपर्यंत बस, पुढे चालत. ठरवलेल्या वळणावर साडेनऊला पोचले. बारापर्यंत रिपरिप, मग नुसते ढग. अंघोळीच्या टोपीने कॅमेरा पूर्ण कोरडा राहिला.

एक चूक झाली. टोपीखाली हात घालताना शटरची चकती फिरली आणि पहिले चाळीसएक फोटो १/६० वर निघाले, सगळे पुसट. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी आकडे बघत होते.

रथ आला तेव्हा समोरच्या डोंगरावर एकच गलका झाला. मी वळण सोडलं नाही. दिंडी पाऊण तासाने आली. आई मान खाली घालून चढत होती, शेजारच्या अनोळखी बाईच्या पदराचं टोक मुठीत धरून. त्या बाईच्या डोक्यावर तुळस. पावसाने आईच्या कपाळावरचा बुक्का ओघळून भुवईपर्यंत आला होता. टप्पा आला आणि पर्वतीसारखंच झालं, दोघींनी एकदम मान वर केली. आईला मी दिसले नव्हते. ती वरच्या वळणाकडे बघत होती, अजून किती उरलंय ते. ११० मिमी, १/६४०, आयएसओ १०००. तो एक फोटो मला हवा तसा आलाय. मग हाक मारली, “माऊली!” आणि शंभर जणींनी वळून बघितलं.

स्नेहल_कोथरूड

वाचतानाच डोळे भरून आले. आईंना दाखवलात का?

टेकडीवाली

दाखवला. म्हणाली, मोबाइलवर नको, कागदावर काढ. आणि दोन काढ. ती बाई परभणीकडची आहे, तिने मला घाटभर ओढत नेलं, तिला एक पाठवायची. दिंडीच्या प्रमुखांना फोन करून पत्ता मागितलाय. प्रिंट कुठल्या कागदावर काढू?

लेन्सकाका

मॅट कागदावर, ८ बाय १२. चकचकीत कागदाला बोटांचे ठसे लागतात, आणि हा फोटो हातोहात फिरणार. पाठवताना दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून बाहेरून प्लास्टिक गुंडाळा, परभणीपर्यंत पाऊस आहे.